‘तेर्वार’ म्हणजे वावर

फ्रेंच वाइनचे शब्द खेडवळ आहेत. आधी एवढं मान्य करू, मग भांडू.

‘क्रू’ म्हणजे पिकलेलं, उगवलेलं. ‘ग्राँ क्रू’ म्हणजे मोठं पीक. ‘क्लो’ म्हणजे दगडी कुंपण घातलेलं वावर. ‘क्युव्हे’ म्हणजे एका हौदातून निघालेला माल, आपण भज्यांचा ‘पहिला घाणा’ म्हणतो ना, तसा. ‘एलव्हाज’ हा फ्रेंचमध्ये गुरं-मेंढरं पोसण्याचा शब्द. वाइन पिंपात मुरवतात, सांभाळतात, त्यालाही तोच. ‘शातो’ म्हणजे गढी, आणि बोर्दोतल्या कित्येक शातो म्हणजे प्रत्यक्षात शेतातली साधी घरं. ‘ग्राव्ह’ हे बोर्दोजवळच्या एका जगप्रसिद्ध प्रदेशाचं नाव. त्याचा अर्थ गोटाळ, मुरमाड जमीन. म्हणजे लोक हजारो रुपये मोजून जी बाटली घेतात, तिच्यावर चक्क ‘मुरमाड’ लिहिलेलं असतं.

आणि ‘सोमेलिए’? मोठ्या हॉटेलात काळा कोट घालून तुमच्या ग्लासात दोन बोटं वाइन ओतणारा तो गंभीर माणूस? हा शब्द ओझ्याची जनावरं हाकणाऱ्यापासून आलाय. आपल्याकडे बंजारा तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव जायचे, त्या धंद्याला ‘लदेणी’ म्हणायचे. सोमेलिए मुळात लदेणीवाला.

मग हे शब्द आपल्यासमोर आले की आपण खुर्चीत सावरून का बसतो? आणि याच अर्थाचे आपले शब्द उच्चारताना आवाज का खाली येतो?

चाळीस शब्दांची यादी

मी बुलढाणा जिल्ह्यातली, देऊळगाव राजा तालुक्यातली. आमच्याकडे द्राक्षबागा तशा थोड्या. पण हद्द ओलांडून जालना जिल्ह्यात शिरलं की कडवंचीसारखं गाव लागतं. पाणलोटाची कामं करून पाणी अडवलं आणि द्राक्षावर उभं राहिलं, अशी त्या गावाची ओळख. माझ्या मामाची बाग त्याच पट्ट्यात. लहानपणापासूनच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या मांडवाखाली गेल्या.

शिक्षण झाल्यावर नाशिककडे एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये एक हंगाम काम केलं. पाहुण्यांना बाग दाखवायची, टाक्या दाखवायच्या, मग चार-पाच प्रकार चाखायला द्यायचे आणि बोलत राहायचं. आई गावात सांगायची, पोरगी द्राक्षाच्या कंपनीत आहे. खोटं काहीच नव्हतं.

पहिल्याच दिवशी हातात चाळीस शब्दांची यादी मिळाली. तेर्वार, व्हेरेझों, क्युव्हे, असांब्लाज. उच्चारासकट पाठ करायची. मी केली. माझं भांडण यादीशी नाही. भांडण त्यानंतरचं आहे.

एकदा पाहुण्यांना बागेत नेलं होतं. जानेवारी लागला होता. घडांमधले मणी कडक हिरवे होते ते मऊ पडायला लागले होते, काही काळपट-जांभळे झाले होते. फ्रेंचमध्ये याला ‘व्हेरेझों’ म्हणतात. पाहुणे पुण्याचे, सगळे मराठी. मी सांगितलं, ‘आमच्याकडे याला मण्यात पाणी उतरणं म्हणतात.’ एक बाई चटकन म्हणाल्या, ‘किती छान शब्द आहे!’ संध्याकाळी मला बोलावून समजावण्यात आलं: असं बोलू नकोस, त्यानं अनुभव स्वस्त होतो.

अनुभव स्वस्त होतो. हे वाक्य मी विसरणार नाही. दोनशे किलोमीटरवर माझा मामा हाच शब्द वापरून वर्षाचा सगळ्यात मोठा निर्णय घेत होता: पाणी उतरलं का, किती उतरलं, आता वेलीचं पाणी किती तोडायचं. आणि त्याच शब्दानं पुण्याच्या पाहुण्यांचा अनुभव स्वस्त होत होता.

आमच्याकडे शब्द नाहीत?

‘मराठीत शब्दच नाहीत हो,’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मराठीत नसतो, ड्रॉइंगरूममध्ये असतो. त्यानं एकदा द्राक्ष बागाईतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर राहावं.

‘पोंगा’ म्हणजे डोळा फुगून कोवळी फूट बाहेर यायच्या बेतात असते ती अवस्था. ‘ओलांडा’ म्हणजे तारेवर आडवा नेलेला वेलीचा हात. ‘काडी’ पिकलेली की कच्ची, यावर पुढचं पीक ठरतं. ‘बगलफूट’ काढायची, ‘शेंडा’ मारायचा, ‘विरळणी’ करायची. ‘गळ’ झाली की रात्रीची झोप जाते. ‘भुरी’ आणि ‘केवडा’ ही दोन नावं ऐकली की बागाईतदार आधी आभाळाकडे पाहतो, मग फवारणीच्या पंपाकडे. ‘बोद’ म्हणजे वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा. ‘पांढरी मुळी’ चालते की नाही हे तो बोद उकरून, हातात माती घेऊन पाहतो.

यातला ‘डोळा’ बघा. छाटणी करताना काडीवर किती डोळे ठेवायचे, हा बागेतला रोजचा प्रश्न. फ्रेंच बागाईतदारही त्याला डोळाच म्हणतो, आणि तोही छाटताना डोळेच मोजतो. बर्गंडीचा म्हातारा आणि माझा मामा कधी भेटणार नाहीत. भेटले तर या एका शब्दावर त्यांचं जमेल.

उलटही आहे. ‘खरड छाटणी’ला फ्रेंचमध्ये सरळ प्रतिशब्द नाही, कारण ती गोष्टच तिथे नाही. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षातून एकदाच मुख्य छाटणी होते. आपल्याकडे थंडी एवढी पडत नाही, वेल झोपत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या बागाईतदारानं वर्षाचे दोन भाग पाडले. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे काडी तयार करायची आणि तिच्या डोळ्यांत पुढचा घड धरवायचा. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळ घ्यायचं. ‘गोडी’ हा शब्द छाटणीला लावावा हे कुणाला सुचलं असेल? कुठल्याही परिभाषा समितीला नक्कीच नाही.

वाणांचंही तसंच. ‘तास-ए-गणेश’ हे सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचं, ‘सोनाका’ हे सोलापूरजवळच्या नान्नजचं. दोन्ही थॉमसन सीडलेस या अमेरिकेहून आलेल्या वाणातून शेतकऱ्यांनी आपल्या बागेत वेगळी वेल हेरून, तिच्या काड्या लावून निवडली. फ्रान्समध्येही वाण शतकानुशतकं असेच निवडले गेले: चांगली वेल हेरायची, तिची काडी लावायची, नाव द्यायचं. तिथे त्यावर जाडजूड ग्रंथ निघतात. इथे आपण हातगाडीवरून किलोभर घेतो आणि नाव विचारत नाही.

म्हणजे शब्द आहेत. ते ‘द्राक्षवृत्त’ मासिकात आहेत, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यांत आहेत, विरळणीला आलेल्या बायांच्या तोंडात आहेत. फक्त बाटलीच्या लेबलवर नाहीत, टेस्टिंग रूममध्ये नाहीत आणि तुमच्या रीलमध्ये नाहीत.

शिवीचा झाला शिक्का

आता सगळ्यात मोठ्या शब्दाकडे येऊ. तेर्वार. वाइनवर बोलणारा प्रत्येक जण तिसऱ्या मिनिटाला हा शब्द काढतो. जमीन, उतार, ऊन, वारा, पाऊस आणि तिथल्या माणसांची पिढ्यांची सवय, या सगळ्यांचा मिळून मालात उतरणारा गुण म्हणजे तेर्वार.

गंमत अशी की फ्रेंच लोक कोणे काळी वाइनला ‘तेर्वारची चव आहे’ असं नाक मुरडून म्हणायचे. म्हणजे गावठी चव, मातकट वास. पॅरिसच्या उच्चभ्रू जेवणात हा दोष होता. आज तोच शब्द सगळ्यात महाग गुण आहे.

हे आपोआप झालं नाही. शब्दाचा अर्थ बदलला कारण शब्द वापरणाऱ्यांची ताकद बदलली.

आमच्याकडे तेर्वारचा संग्रह कमी नाही. घाटावर आणि घाटाखाली, हा बुलढाण्याचा पहिला धडा. घाटावर चिखली-मेहकर, खाली मलकापूर-नांदुरा. एकाच जिल्ह्यात हवा वेगळी, माती वेगळी, बोली वेगळी. काळी, भरकाडी, मुरमाड, बरड. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव-संग्रामपूरकडे गेलात की खारपाणपट्टा, जिथे विहिरीला पाणी लागलं तरी ते खारं लागतं. ‘खारपाणपट्टा’ हा तेर्वारचाच शब्द आहे. आपण तो फक्त बातमीत वाचतो आणि फक्त दुःखाच्या बातमीत.

म्हणून मला राग येतो. चुनखडीची हलकी, कसहीन जमीन शॅम्पेनमध्ये असली की तिच्यावर माहितीपट निघतात. रोन नदीच्या खोऱ्यात गोलगोट्यांच्या जमिनीत ‘शातोनफ-द्यु-पाप’ पिकते. तिथल्या बागाईतदारांनी १९२३ साली स्वतःच नियम ठरवताना जमिनीची पारख अशी सांगितली: जिथे लॅव्हेंडर आणि थाइमची झुडपं उगवतात ती जमीन आपली. म्हणजे जिथे दुसरं फारसं काही येत नाही ती. आमचे आजे जमिनीची पारख याच रीतीनं करायचे, गवत कुठलं उगवतं ते बघून. त्यांच्या पारखीचा कायदा झाला. आमच्या पारखीची म्हण झाली, मग तीही विसरली गेली.

वावराचं नाव आणि गट नंबर

बर्गंडीत ‘क्लिमा’ म्हणतात. हवामान नव्हे. क्लिमा म्हणजे नाव असलेला, हद्द ठरलेला द्राक्षमळ्याचा तुकडा. असे १,२४७ तुकडे मोजून, नावानिशी, २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. एका पायवाटेच्या अलीकडची वाइन एका नावानं विकली जाते, पलीकडची दुसऱ्या. ‘क्लो द व्हूजो’ हे एक भिंतीतलं वावर, साधारण ५० हेक्टर, त्याचे मालक ऐंशीच्या आसपास. मालक वाटले गेले, नाव वाटलं गेलं नाही.

आता तुमच्या गावात जा आणि आजोबांना विचारा. आपल्या प्रत्येक वावराला नाव आहे. चिंचेचं वावर, नाल्याकाठचं, बरडीतलं, थडीचं, देवीचं. नावातच जमीन सांगितलेली असते: थडीचं म्हटलं की नदीकाठ आला, बरडीतलं म्हटलं की पाऊस लांबला तर काळजी आली. हे आमचे क्लिमा.

सातबाऱ्यावर काय आहे? गट नंबर. तलाठ्याला नंबर लागतो हे मान्य. पण भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, विहीर एकाकडे गेली, बांध सरकला, आणि माझ्या पिढीला फक्त नंबर उरला. चुलतभावाला मी विचारलं, हे कोणतं वावर? तो म्हणाला, ‘ते रोडटच.’ रोडटच! शंभर वर्षांची पारख पुसून तिथे प्लॉटिंगवाल्याचा शब्द बसला.

बर्गंडीच्या माणसाला फ्रेंच येतं म्हणून त्याचा माल महाग नाही. त्यानं वावराचं नाव सोडलं नाही आणि त्या नावाला कायदा मिळवला, म्हणून महाग आहे.

नाव फुकट मिळालं नव्हतं

हा भाग टेस्टिंग रूममध्ये कुणीच सांगत नाही. आमच्या चाळीस शब्दांत ‘अपेलासिओं’ होता, अर्थ लिहिला होता ‘प्रदेशाचा दर्जा’. चूक. अपेलासिओं म्हणजे नाव लावायचा हक्क. आणि तो भांडून मिळवलेला आहे.

शॅम्पेनमध्ये द्राक्षं पिकवणारे एक आणि बाटली विकणारे व्यापारी दुसरे. व्यापारी बाहेरच्या प्रदेशातून स्वस्त द्राक्षं आणि वाइन आणायचे, मिसळायचे आणि ‘शॅम्पेन’ म्हणून विकायचे. स्थानिकांचा माल पडून. १९११ साली लोक भडकले. व्यापाऱ्यांची कोठारं फोडली, वाइन रस्त्यावर ओतली. आय नावाच्या गावात जाळपोळ झाली, लष्कर आलं. त्यांची मागणी एका ओळीची होती: आमच्या गावाचं नाव आमच्याच द्राक्षाला. त्याच वर्षी शेजारच्या ओब जिल्ह्याचे शेतकरीही रस्त्यावर आले, कारण त्यांना हद्दीबाहेर काढलं होतं. म्हणजे आत कोण, बाहेर कोण, हेही भांडणच होतं आणि ते सोपं नव्हतं.

अशा बऱ्याच भांडणांनंतर १९३५ साली फ्रान्समध्ये कायदा झाला. कुठल्या हद्दीत, कुठला वाण, एकरी किती उतारा, छाटणी कशी, वाइन कशी करायची, हे सगळं पाळलं तरच ते नाव लावायचं. शेतकऱ्यांचे शब्द कायद्याचे शब्द झाले. तेर्वार हा शब्द गोड लागतो तो या कडू भांडणानंतर.

आपण काय केलं? शब्द आयात केला, भांडण तिकडेच ठेवलं.

खामगावचा कापूस कुणाच्या नावानं गेला?

‘हे सगळं फ्रान्समध्ये शक्य,’ असं म्हणाल. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण देते.

एकोणिसाव्या शतकात खामगाव कापसाची मोठी पेठ होती. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला आणि जलंब-खामगाव रेल्वेची शाखा उघडली गेली, कशासाठी? कापूस मुंबईला आणि तिथून लिव्हरपूलला जावा म्हणून. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला नाव होतं. ‘ऊमरा’. उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून, इंग्रजी तोंडात बसेल असं केलेलं.

बघा, अपेलासिओंच होतं ते. गावाचं नाव, मालाचा दर्जा, जगभर ओळख. फक्त ते नाव कापूस पिकवणाऱ्याच्या हातात नव्हतं. कोणता माल ऊमरा आणि कोणता नाही, हे दलाल ठरवायचा. मुंबई सरकारनं १८६३ साली कापसातली भेसळ रोखायला कायदा केला, तोही घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी. विकणाऱ्या कुणब्याला त्यात हक्क नव्हता, धाक होता. आज ऊमरा हा शब्द वऱ्हाडात कुणाला आठवत नाही. आपलं नाव होतं आणि ते आपल्याला माहीतही नाही.

नाव असणं आणि नावावर हक्क असणं यात एवढं अंतर आहे. शॅम्पेनच्या शेतकऱ्यानं ते कापलं. आपण अजून अडत्याच्या पट्टीवर उभे आहोत.

२०२२चं भांडण, ज्यात शेतकरी नव्हता

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. महिनाभर महाराष्ट्र पेटला. सरकार म्हणालं, द्राक्ष शेतकऱ्याचं भलं. विरोधक म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अमलात आला नाही.

त्या महिनाभरात दोन्ही बाजूंनी ‘शेतकरी’ हा शब्द किती वेळा उच्चारला असेल! पण कुणी साधा प्रश्न विचारला नाही: कुठला शेतकरी? महाराष्ट्रातली बहुतेक द्राक्षं खायची आहेत, वाइनची नाहीत. वाइनचे वाण वेगळे, लागवड वेगळी. वाइनचा खप वाढून ज्याला फायदा व्हायचा तो बागाईतदार संख्येनं थोडा, आणि तो कंपनीशी कराराने बांधलेला. मग त्या करारात भाव कसा ठरतो? साखरेवर, वजनावर, की गावाच्या नावावर? बाटलीवर त्याच्या गावाचं नाव येतं का? हे प्रश्न ना सत्तेनं विचारले, ना संस्कृतिरक्षकांनी. एकानं शेतकऱ्याला ढाल केलं, दुसऱ्यानं पोस्टर.

२००१ साली राज्यानं वाइन उद्योगासाठी धोरण आणलं. सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क केले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआयही मिळालं. हे चांगलंच झालं. पण जीआय हा आपला अपेलासिओं आहे, हे किती बागाईतदारांना कुणी समजावून सांगितलं? आपल्या कायद्यात नोंदणी झालेल्या नावाचा वापर करायला शेतकऱ्यानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. नाव मिळाल्याचा सत्कार होतो, फेटे बांधले जातात, फोटो येतो. नोंद किती जणांनी केली हे विचारायला पत्रकार परिषद होत नाही.

तीन आक्षेप

पहिला: ‘पोरी, दारूची भलामण करतेस?’

नाही. महाराष्ट्रात असंख्य बायांना बाटलीच्या संदर्भात दोनच शब्द कामाचे वाटतात: उभी आणि आडवी. गावातलं दुकान बंद करायला मतदान घेऊन बाटली आडवी करणाऱ्या त्या बायांच्या बाजूनंच मी आहे. घर उद्ध्वस्त होतं तेव्हा आत काय होतं, वाइन की देशी, हे कुणी विचारत नाही. पण भाषेतला दुटप्पीपणा बघा. फ्रान्समध्ये द्राक्षाचा चोथा उरतो, त्याची गाळून दारू करतात, तिला ‘मार्क’ म्हणतात आणि जेवणानंतर नाजूक ग्लासात देतात. आमच्या जळगाव जामोद-संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी मोहाची फुलं वेचतात. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांवरच कायदा आणला, आणि मोहाला तेव्हा चिकटलेला गुन्ह्याचा वास अजून गेला नाही. शॅम्पेनमध्ये ४,००० किलो द्राक्षांतून पहिल्या दाबात निघालेल्या २,०५० लिटर रसाला ‘क्युव्हे’ म्हणतात, तो सगळ्यात उत्तम. आपण ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की हवालदार आठवतो. दारू वाईट असेल तर दोन्ही वाईट म्हणा. एकीला संस्कृती आणि दुसरीला गुन्हा म्हणू नका.

दुसरा: ‘मग या फ्रेंच शब्दांना शुद्ध मराठी प्रतिशब्द काढू या.’

नका काढू, हात जोडते. कुणीतरी तेर्वारला ‘भूगुणवैशिष्ट्य’ करेल आणि तो शब्द शासन निर्णयात जाऊन मरेल. बागेतली मराठी इतकी सोवळी नाही. ती ‘थिनिंग’ म्हणते, ‘डिपिंग’ म्हणते, ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करते. हा डॉगरिज टेक्सासचा, क्षारपड जमिनीत आणि पाण्याच्या ताणात टिकतो म्हणून आपल्याकडे आला. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा झोपवल्या तेव्हा फ्रेंचांनीही अमेरिकन खुंटच लावले. खुंट परका असला तरी चालतं. वर कलम कुणाचं बांधलं, ते महत्त्वाचं. भाषेलाही हेच लागू. तेर्वार हा शब्द वापराच. फक्त त्याच वाक्यात वावरही म्हणा.

तिसरा: ‘बुलढाण्यात द्राक्षं किती? तुला काय पडलंय?’

हा आक्षेप मला आवडतो, कारण याचं उत्तर माझ्या जिल्ह्यात आहे. देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडे शेडनेट दिसतात ना, त्यांत भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. नाजूक काम, हातानं परागीकरण, बहुतेक बायांचं. ते बियाणं पाकिटात बंद होऊन देशभर जातं. पाकिटावर कंपनीचं नाव असतं, गावाचं नसतं. कापसाचं तेच झालं, बियाण्याचं तेच होतंय. उद्या आमच्याकडे द्राक्ष वाढलं तर त्याचंही तेच होईल. म्हणून हे शब्द आम्हालाच जास्त लागतात.

मग काय करायचं

पुढच्या सुट्टीत तुम्ही नाशिककडे वायनरीत जाल. जा. ग्लास उन्हात धरून रील करा, माझी काही हरकत नाही. पण समोर उभ्या मुलीला तीन प्रश्न विचारा. ही द्राक्षं कोणत्या गावची? पिकवणाऱ्याला भाव कशावर मिळतो? त्या गावाचं नाव बाटलीवर का नाही?

तिला उत्तर माहीत नसेल. तिच्या यादीत ते दिलेलं नसेल. पण दहा पाहुण्यांनी विचारलं तर ती विचारेल, आणि तिनं विचारलं तर व्यवस्थापकाला उत्तर शोधावं लागेल. ‘मण्यात पाणी उतरलं’ म्हणाली तर तिला म्हणा, हाच शब्द पुन्हा सांग, रेकॉर्ड करतो.

बागाईतदारांच्या पोरांना वेगळं सांगणं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण आता थेट विक्री करता, इन्स्टावर पेट्या विकता. पेटीवर सिंहाचा फोटो आणि इंग्रजीत ‘प्रीमियम’ लिहिण्याऐवजी गावाचं नाव लिहा. वाणाचं नाव लिहा. वावराचं नाव लिहा. जीआय असेल त्या भागात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा. कंटाळवाणं काम आहे, कागद लागतात. आय गावच्या लोकांना यासाठी लष्कर अंगावर घ्यावं लागलं होतं, आपल्याला फक्त फॉर्म भरायचा आहे.

आणि बाकी सगळ्यांनी या दिवाळीत एक करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन शेतात जा. फोन काढा, नकाशा उघडा, आणि एकेका वावराचं नाव विचारून पिन टाका. ज्यांच्याकडे शेत उरलं नाही त्यांनी विकलेल्या वावरांची नावं लिहून ठेवा. मी लिहिलीत. आमच्या घरची अकरा निघाली. त्यातली चार माझ्या आईलाही नवी होती.